सुयांची पलटण

माझ्या आजीच्या हातावर एक तुळस होती.

कुंडीतली नव्हे हं, हातावरची! मनगटाच्या जरा वर. खाली छोटंसं वृंदावन, त्यातून वर आलेली चार-पाच पानं, आणि बाजूला तीन ठिपके. आजीनं त्या हातांनी भांडी घासली, धुणी धुतली, अंगण सारवलं. पन्नास-साठ वर्षं! तुळस जागच्या जागी.

मी लहानपणी थुंकी लावून ती पुसायचा प्रयत्न केला होता. (हसू नकोस. तूही केला असतास, आणि नसतास केला तरी मनात नक्की आलं असतं!) आजी म्हणाली, "अगं वेडे, गोंदण आहे ते. जत्रेत गोंदणारी बाई यायची, तिनं सुयांनी काढलं."

सुयांनी? सुईनं तर शर्टाचं बटण लावतात! सुईनं चित्र कसं काढणार? आणि एक सुई नाही, 'सुयांनी'?

हा प्रश्न माझ्या डोक्यात इतकी वर्षं टोचत राहिला, की मध्यंतरी मी थेट एका टॅटूच्या दुकानात गेले. टॅटू म्हणजे गोंदणच, फक्त शहरातलं नाव. टॅटू काढायला नाही, नुसत्या सुया बघायला! तिथल्या दादानं मला आधी वेड्यात काढलं, मग खूश होऊन खोक्यांवर खोकी समोर ठेवली. ये, तूही बस माझ्या शेजारी. एकेक खोकं उघडू.

पहिलाच धक्का! टॅटूच्या सुईला आत भोकच नसतं.

डॉक्टरांची इंजेक्शनची सुई आतून पोकळ असते. स्ट्रॉसारखी. औषध तिच्या पोटातून जातं. मला वाटायचं, टॅटूची सुईही तशीच असणार. चूक! ती भरीव असते. शिवणाच्या सुईसारखी, फक्त दोरा ओवायचं नेढं नाही.

मग शाई जाते कुठून?

स्वयंपाकघरात जा आणि एका वाटीत पाणी घे. दोन बोटं एकमेकांना चिकटव, पाण्यात बुडव, वर काढ. दिसलं? बोटांच्या मधल्या फटीत पाणी अडकून बसलंय! पाण्याला बारीक फटीत शिरून बसायला फार आवडतं. चहात बिस्किटाचं फक्त टोक बुडवलं तरी चहा वर वर चढतो ना, तीच गंमत. तिला नाव आहे केशाकर्षण. केसाएवढ्या बारीक जागेतलं आकर्षण!

सुयांचंही तसंच. एकटी सुई शाईत बुडवली तर इवलीशी शाई घेऊन येते. पण पाच सुया शेजारी शेजारी बांधल्या तर? त्यांच्या मधल्या फटींत शाईचा साठा बसतो. सुया कातडीला बारीक बारीक भोकं पाडतात आणि फटीतली शाई त्या भोकांत उतरते. म्हणून 'सुयांनी'! आजीच्या जत्रेतली बाईसुद्धा दोन-तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधायची आणि काजळीत बुडवायची. तिला केशाकर्षण हा शब्द कुणी शिकवला नव्हता, पण कामाची गोष्ट तिला बरोबर ठाऊक होती.

आता खरी मजा. एका खोक्यात सुया एका तऱ्हेनं बांधलेल्या, दुसऱ्यात वेगळ्याच तऱ्हेनं. का बरं?

शाळेतली कवायत आठव. सर ओरडतात, "जवळ जवळ उभे राहा!" सगळी मुलं खांद्याला खांदा लावून गोळा होतात. मग सर ओरडतात, "हात लांब करून अंतर घ्या!" तीच मुलं, तेवढीच मुलं, पण आता अर्धं मैदान भरून टाकतात. टॅटूच्या सुयांचीही अशीच पलटण असते. कोण किती जवळ उभं राहणार, यावर ठरतं की चित्रात रेघ येणार की सावली!

रेघेच्या सुयांना म्हणतात लायनर. तीन, पाच, सात, नऊ अशा सुया गोल करून अगदी घट्ट बांधतात. टोकं इतकी जवळ, की लांबून एकच सुई वाटावी. शेडिंगच्या, म्हणजे सावलीच्या सुयांना म्हणतात शेडर. त्याही गोल बांधतात, पण मोकळ्या मोकळ्या.

दिवाळीत दारात रांगोळी बघितलीस ना? रेघ काढताना आई काय करते? अंगठा आणि बोट घट्ट जुळवून चिमटीतून रांगोळी सोडते. रेघ बारीक, नेटकी. आणि फुलात रंग भरताना? चहाची जुनी गाळणी घेते! गाळणी हलकेच हलवली की रंग भुरभुर सांडतो, सगळीकडे सारखा, मऊ मऊ. आता समजलं? लायनर म्हणजे चिमूट. शेडर म्हणजे गाळणी!

गाळणीची एक थोरली बहीणही आहे. तिचं नाव मॅग्नम. तिच्यातल्या सुया गोल नसतात, दोन ओळींत असतात. अगदी वर्गाच्या फोटोसारख्या! फोटोत मागच्या ओळीतली मुलं पुढच्या मुलांच्या डोक्यांमागे लपत नाहीत, दोन डोक्यांच्या मधल्या जागेतून तोंड काढतात. मॅग्नममधल्या मागच्या सुयाही तशाच, पुढच्या सुयांच्या फटींमागे उभ्या. त्यामुळे शाई भरपूर मावते आणि एका फटक्यात रुंद पट्टा भरून होतो. भिंत रंगवायच्या चपट्या ब्रशासारखा.

पण चपट्या गोष्टीचा एक त्रास असतो. कोपरे! उलथन्याचा कोपरा तव्यावर कसा खरवडतो, ऐकलंयस? चपट्या मॅग्नमचा कोपराही कातडीला तसाच लागू शकतो. मग कुणीतरी युक्ती केली. कडेच्या सुया थोड्या मागे ओढल्या. टोकांची ओळ झाली चंद्रकोरीसारखी वाकडी. उलथन्याचा झाला चमचा! आता कडा खरवडत नाहीत आणि सावलीची किनार मऊ येते. एवढीशी गोष्ट, पण मला तर ही सगळ्यात हुशार वाटली.

खोक्यांवर काय लिहिलेलं असतं माहितीये? '१२०७ आरएल'. मला वाटलं, बसचा नंबर! पण ती गुप्त भाषा निघाली. चल, फोडू.

पहिले दोन आकडे म्हणजे एका सुईची जाडी. १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर. वहीची चार पानं एकावर एक ठेव, साधारण तेवढी. १० म्हणजे ०.३० आणि ०८ म्हणजे ०.२५ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे म्हणजे पलटणीत सुया किती. ०७, म्हणजे सात. आरएल म्हणजे राउंड लायनर, गोल बांधलेली रेघेची जुडी. आरएस असेल तर राउंड शेडर. एम असेल तर मॅग्नम.

आता तू सांग. '०८०३ आरएल' म्हणजे काय?

बरोब्बर! अगदी बारीक सुया, फक्त तीन, घट्ट बांधलेल्या. मांजराच्या मिशा काढायला फस्क्लास! मांजराच्या अंगाची ठसठशीत कड काढायला मात्र नऊ सुयांची लायनर घ्यायची. आणि गालावरची मऊ मऊ सावली? तिथे पंधरा सुयांची मॅग्नम.

"पण एकच जुडी सगळीकडे वापरली तर?" मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "मॅग्नमनं मिशा काढायच्या म्हणजे रंगाऱ्याच्या ब्रशानं वहीत शुद्धलेखन लिहायचं!" आणि उलटं केलं तर आणखी वाईट. घट्ट लायनरनं मोठी जागा भरायला गेलं, की त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. कातडी बिचारी सोलवटून निघते. शिवाय रंग पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो, खडूनं घाईत भरलेल्या चित्रासारखा.

बरं, सावली म्हणजे काय गं, असा प्रश्न पडला का तुला? काळी शाई करडी कशी होते?

कान इकडे कर. ती करडी होतच नाही! (म्हणजे कधी कधी शाईत पाणी घालून ती फिकी करतात, पण ते सोड. दुसरी युक्ती भारी आहे.) शाई काळीच असते. ठिपके मात्र विरळ होत जातात. दहीभातावर मोहरीची फोडणी ओतलीय असं समज. मधोमध मोहरीच मोहरी, काळंभोर. कडेला चुकूनमाकून एखादा दाणा, पांढरंशुभ्र. मधल्या जागेत? लांबून बघितलं तर करडं! एकही दाणा करडा नाही, तरी आपल्या डोळ्यांना करडं दिसतं. डोळे काळं आणि पांढरं कालवून टाकतात.

खोटं वाटतं? घरातल्या वर्तमानपत्रातला एखादा काळा-पांढरा फोटो भिंगाखाली धर. माणसाचा गाल नाहीच तिथे, नुसते ठिपके!

हे ठिपके विरळ करायचे कसे? हात असा झटकायचा, जसा अंगणात सडा टाकताना झटकतात. हाताजवळ पाणी भरपूर पडतं आणि लांब जाता जाता थेंब थेंब होतं. टॅटूवाला सुया टेकवतो, पुढे सरकवतो आणि सरकवता सरकवताच वर उचलतो. सुरुवातीला दाट, शेवटी विरळ. झाली सावली! रेघ काढताना मात्र झटका बिटका चालत नाही. हात एका चालीनं सरकवायचा. रेंगाळला तर रेघ जाड आणि डागाळलेली. धावला तर रेघेऐवजी ठिपक्यांची माळ.

आता एक शर्यत लावू. एका सेकंदात किती टाळ्या वाजवता येतात? मला जमल्या पाच. टॅटूच्या यंत्रातली सुई एका सेकंदात शंभरेक वेळा खालीवर होते! म्हणून तर तिचा आवाज भुंग्यासारखा येतो, गुंऽऽऽ.

ओळख बघू, या यंत्राचं मूळ कुठे सापडतं? ऑफिसच्या टेबलावर! विजेच्या दिव्यामुळे आपल्याला माहीत असलेल्या थॉमस एडिसननं एक विजेचं पेन बनवलं आणि १८७६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्या पेनाच्या टोकाची सुई सेकंदाला पन्नास भोकं पाडायची. माणसांना नव्हे, कागदाला! त्या भोकांतून शाई फिरवली की खालच्या कागदावर अक्षरं उमटायची. एकाच पत्राच्या भरपूर प्रती. पुढे न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली नावाच्या टॅटूवाल्यानं त्या कल्पनेत सुधारणा केली आणि १८९१ मध्ये टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कागदाचं पेन गेलं कातडीवर!

यंत्र नव्हतं तेव्हाही पलटण होतीच. जपानमध्ये बांबूच्या काडीच्या टोकाला सुयांच्या ओळी बांधून हातानं गोंदायची जुनी कला आहे. रेघेच्या कामाला तिथे 'सुजी' म्हणतात (उपम्याची नव्हे!) आणि सावलीला 'बोकाशी'. त्याहून मागे जायचं? मग थेट आल्प्स पर्वतात चल. ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर १९९१ मध्ये बर्फात गोठलेला एक माणूस सापडला. त्याचं नाव ठेवलं ओट्झी. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा! त्याच्या अंगावर चक्क ६१ गोंदणं आहेत, काजळीची. आणि सगळ्या नुसत्या रेघा आणि फुल्या. सावली एकही नाही.

पण थांब. ५३०० वर्षं टिकलं? माझ्या हातावर पेनानं लिहिलेला गृहपाठ तर आंघोळीत जातो!

इथे पुरणपोळी मदतीला येते. आपल्या कातडीचा वरचा थर म्हणजे पोळीचा पापुद्रा. हा कागदासारखा पातळ थर सतत झडत असतो. साधारण महिन्याभरात तिथल्या जुन्या पेशी जाऊन नव्या येतात. पापुद्र्यावर काढलेलं चित्र त्याच्याबरोबर झडून जाणार. म्हणून शाई ठेवायची खालच्या पुरणात! त्या थराला म्हणतात अंतस्त्वचा. सुई जाते फक्त एक-दोन मिलिमीटर खोल. पट्टीवरची एक-दोन इवली घरं, बस्स. कमी गेली तर चित्र टिकत नाही. जास्त खोल गेली तर शाई पसरते, टिपकागदावर थेंब पडावा तशी, आणि रेघेच्या कडेला निळसर धुकं दिसतं. एका मिलिमीटरचा खेळ आहे सगळा.

आणि पुरणात गेल्यावर शाई कोण सांभाळतं, ते ऐकशील तर उडशील!

आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही आत आलं की त्या गपकन गिळतात. म्हणून त्यांचं नाव भक्षकपेशी. सुईबरोबर शाई आली की त्या धावत येतात आणि गिळायला लागतात. पण शाईचे कण काही पचत नाहीत! मग काय, पोटात शाई घेऊन त्या तिथेच बसून राहतात. म्हणजे आजीची तुळस शाईची आहे खरी, पण ती कुणाच्या तरी पोटात आहे. हजारो इवल्या पहारेकऱ्यांच्या पोटात!

त्या पेशी मेल्यावर? चित्र जायला हवं ना? २०१८ मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून हेच तपासलं. पहारेकरी पेशी मेल्या, शाई बाहेर आली, आणि नव्या आलेल्या पेशींनी तीच शाई पुन्हा गिळली. जागच्या जागी! खो-खो आठवला का? एक उठला, दुसऱ्याला खो दिला, जागा काही रिकामी राहिली नाही. आजीच्या हातावर साठ वर्षं खो-खो चालू होता आणि आजीला पत्ताच नव्हता.

अरे हो, आणखी एक. काजळी तर काळी. मग आजीची तुळस निळसर-हिरवट का दिसायची? गोंदण असतं पुरणात आणि आपण बघतो वरच्या पापुद्र्यातून. प्रकाशातला लाल रंग कातडीत खोल जातो आणि काळी शाई त्याला खाऊन टाकते. निळा रंग मात्र वरच्या वरच विखरून परत आपल्या डोळ्यांकडे येतो. मनगटावरच्या शिरा बघ. आत लाल रक्त, पण शीर दिसते निळी-हिरवी! तिथेही प्रकाशाची अशीच चलाखी असते.

निघताना मी दादाला म्हटलं, एक जुडी द्या ना आठवण म्हणून. त्यानं वापरलेली द्यायला साफ नकार दिला. टॅटूची सुई एकदाच वापरायची, एकाच माणसासाठी, बंद पाकिटातून काढून. मग थेट जाड डब्यात, कचऱ्याला. रक्ताबरोबर रोगही सुईवर बसून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. आजीच्या जत्रेत सगळ्या बायकांना त्याच सुया! आता विचार केला तरी अंगावर काटा येतो. आणि हो, तुझं वय किती? अठराच्या आत असशील तर चांगला टॅटूवाला तुला दारातूनच टाटा करेल.

हिरमुसू नकोस. तुझ्यासाठी मी कातडी आणलीय. पिवळी!

म्हणजे केळं. मोठ्या माणसाला सांगून पाच-सहा टूथपिक घे. एक टूथपिक हातात धर आणि सालीवर जवळ जवळ हलके ठिपके टोचत एक मांजर काढ. शाई लागत नाही! थोड्या वेळानं ठिपके आपोआप तपकिरी होतात. टोचलेल्या जागी सालीच्या पेशी फुटतात, त्यांना हवा लागते आणि त्या काळ्या पडतात. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं ना, तसंच. ही तुझी लायनर. आता चार टूथपिक ओळीत ठेवून चिकटपट्टीनं बांध, मध्ये थोडी थोडी जागा सोडून. ही झाली तुझी छोटी मॅग्नम! मांजराच्या गालावर आधी दाट टोच, मग विरळ, मग आणखी विरळ. (फक्त केळ्यावर हं. धाकट्या भावाच्या हातावर नाही!)

मी काल हे करून बघितलं. मिशा झकास आल्या. गालाची सावली मात्र फसली. हात झटकायचा विसरले, आणि मांजराला झाला गालगुंड. मग मी गुपचूप केळं सोललं, खाल्लं, आणि सालीवरचं मांजर शेजारच्या गाईला देऊन आले.